अवटू ग्रंथीची अल्पक्रियता : लक्षणे, कारणे आणि आपले कर्तव्य

‘मला थायरॉइड आहे’ हे वाक्य आता प्रत्येक वस्तीत आणि नातेवाइकांच्या प्रत्येक मेळाव्यात ऐकू येते. वास्तविक थायरॉइड सर्वांनाच असते. गळ्याच्या पुढील भागात, स्वरयंत्राच्या किंचित खाली, श्वासनलिकेला बिलगून बसलेली ती एक लहानशी ग्रंथी होय. तिचा आकार पंख पसरलेल्या फुलपाखरासारखा असून प्रौढ व्यक्तीत तिचे वजन साधारण १५ ते २० ग्रॅम भरते. मराठी वैद्यकीय परिभाषेत तिला अवटू ग्रंथी असे नाव आहे. ‘थायरॉइड आहे’ असे म्हणणाऱ्या बहुतेकांना या ग्रंथीचे काम मंदावले आहे, म्हणजेच तिची अल्पक्रियता झाली आहे, असे सांगायचे असते.

मुंबई आणि गोव्यासह भारतातील आठ शहरी केंद्रांत पाच हजारांहून अधिक प्रौढांची तपासणी करणारा एक अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे ११ टक्के व्यक्तींमध्ये अवटू अल्पक्रियता आढळली. त्यांपैकी जवळजवळ एक तृतीयांश लोकांना, आपल्याला हा आजार आहे, याची तपासणीपूर्वी कल्पनाही नव्हती. उपचार सोपा व स्वस्त असताना इतकी माणसे विनाकारण थकलेली, सुजलेली आणि उदास राहतात, म्हणून या विषयाचा थोडा सविस्तर अभ्यास आपण येथे करणार आहोत.

ग्रंथीचे कार्य

अवटू ग्रंथी रक्तातील आयोडीन शोषून घेते आणि त्यापासून दोन संप्रेरके तयार करते. एकात आयोडीनचे चार अणू असतात, म्हणून त्याला टी-४ म्हणतात. दुसऱ्यात तीन असतात, म्हणून ते टी-३. ग्रंथीतून प्रामुख्याने टी-४ बाहेर पडते. शरीराच्या निरनिराळ्या ऊतींत त्याचा एक अणू गळून अधिक प्रभावी असे टी-३ तयार होते. पेशींनी ऊर्जा किती वेगाने वापरावी, हृदयाने किती गतीने धडधडावे, आतड्यांची हालचाल किती असावी, मुलांची उंची व मेंदू कसा वाढावा, हे सर्व या संप्रेरकांवर अवलंबून असते.

या ग्रंथीवर मेंदूच्या तळाशी असलेल्या पोष ग्रंथीची देखरेख असते. पोष ग्रंथी टीएसएच नावाचे संप्रेरक पाठवून अवटू ग्रंथीला कामाला लावते. येथे पुष्कळांचा गोंधळ होतो. अहवालात टीएसएच वाढलेले दिसले की ‘थायरॉइड वाढला’ असे म्हटले जाते. परंतु अर्थ नेमका उलट असतो. शेतावरचा मजूर सुस्तावला की मुकादम अधिक मोठ्याने हाका मारू लागतो. टीएसएच ही त्या मुकादमाची हाक आहे. ती जितकी मोठी, तितकी ग्रंथी मंद, असे सर्वसाधारणपणे समजावे.

लक्षणे : आळस म्हणून दुर्लक्षिलेला आजार

अल्पक्रियतेत शरीराचे जवळजवळ प्रत्येक काम संथ होते. पुरेशी झोप होऊनही थकवा जात नाही. इतरांना उकडत असताना या व्यक्तीला थंडी वाजते. त्वचा कोरडी व खरखरीत होते, केस गळतात, भुवयांची बाहेरची टोके विरळ होतात. बद्धकोष्ठता जडते. आवाज घोगरा होतो. सकाळी चेहरा व डोळ्यांभोवतीचा भाग सुजल्यासारखा दिसतो. नाडी मंदावते, स्नायू दुखतात, हातांच्या बोटांना मुंग्या येतात. वजन वाढते, मात्र ही वाढ बहुधा काही किलोंचीच असते आणि तिचा बराच भाग शरीरात साठलेल्या पाण्याचा व क्षारांचा असतो. त्यामुळे सगळ्या लठ्ठपणाचे खापर अवटू ग्रंथीवर फोडणे योग्य नाही. रक्तातील कोलेस्टेरॉल वाढणे आणि रक्तक्षय होणे हेही या आजाराचे परिणाम असू शकतात.

मनावरही परिणाम होतो. विसरभोळेपणा येतो, विचार सुचत नाहीत, कशातच रस वाटत नाही. अशा रुग्णाला केवळ मानसिक आजार आहे असे समजून वर्षे वाया जातात. स्त्रियांमध्ये मासिक पाळीचा रक्तस्राव वाढतो किंवा पाळी अनियमित होते, गर्भधारणेस अडचण येते, गर्भपाताचा धोका वाढतो.

यांतील एकही लक्षण केवळ याच आजाराचे नाही. थकवा पंडुरोगातही येतो, केस इतर कारणांनीही गळतात. शिवाय लक्षणे महिनोन्‌महिने इतकी सावकाश वाढतात की घरच्यांनाही बदल जाणवत नाही. घरातील बाई कामात मंद झाली की ‘वय झाले’, सून सुस्तावली की ‘आळशी आहे’, विद्यार्थिनी मागे पडली की ‘अभ्यासात लक्ष नाही’ असा शेरा मारून आपण मोकळे होतो. शेरा मारण्यास क्षणही लागत नाही. रक्ताची साधी तपासणी मात्र कोणी सुचवीत नाही. यांपैकी तीन-चार लक्षणे एकत्र दिसली आणि काही आठवडे टिकून राहिली, तर टीएसएच तपासून घ्यावे, हा व्यवहार्य नियम प्रत्येक कुटुंबाने लक्षात ठेवावा.

क्वचित प्रसंगी, दीर्घकाळ उपचार न घेतलेल्या वृद्ध रुग्णाला जंतुसंसर्गामुळे किंवा कडाक्याच्या थंडीमुळे अतिशय गुंगी येते, अंग गार पडते आणि श्वास मंदावतो. ही जिवावरची अवस्था आहे. अशा वेळी घरगुती उपाय न करता रुग्णाला तत्काळ रुग्णालयात न्यावे.

आजाराच्या शोधाची वाटचाल

गळ्याला येणारी सूज, म्हणजे गलगंड, आपल्याकडे प्राचीन काळापासून ज्ञात आहे. सुश्रुतसंहितेत त्याचे वर्णन सापडते. परंतु गळ्यातील ग्रंथीचा थकव्याशी व सुजेशी संबंध लागण्यास एकोणिसावे शतक उजाडावे लागले. १८७३ साली लंडनचे डॉक्टर विल्यम गल यांनी काही प्रौढ स्त्रियांमध्ये दिसलेल्या या विकाराचे वर्णन केले. १८७८ साली विल्यम ऑर्ड यांनी त्याला मिक्सिडीमा हे नाव दिले. १८९१ मध्ये जॉर्ज मरे या तरुण इंग्रज डॉक्टरांनी मेंढीच्या अवटू ग्रंथीचा अर्क एका रुग्ण स्त्रीला टोचला. ती सुधारली आणि उपचार चालू ठेवून पुढे २८ वर्षे जगली. १९१४ साली अमेरिकेत एडवर्ड केंडल यांनी थायरॉक्सिन, म्हणजे टी-४, शुद्ध स्वरूपात वेगळे केले. आज रुग्णाला दिली जाणारी लिव्होथायरॉक्सिनची गोळी म्हणजे ग्रंथी जे संप्रेरक बनवते तेच, कारखान्यात तयार केलेले.

१९१२ साली जपानमधील फुकुओका येथील हाकारू हाशिमोतो या तरुण शल्यचिकित्सकाने एका जर्मन नियतकालिकात चार स्त्रियांच्या गळ्यातील ग्रंथींचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्या ग्रंथींत रोगप्रतिकार करणाऱ्या पांढऱ्या पेशींची दाट गर्दी त्यांना दिसली होती. या पेशी तेथे कशासाठी जमल्या, याचे उत्तर त्यांच्या हयातीत मिळाले नाही. पुढे ते आपल्या गावी परतले आणि साधे गावचे डॉक्टर म्हणून रुग्णसेवा करीत १९३४ मध्ये विषमज्वराने मरण पावले. १९५६ साली अशा रुग्णांच्या रक्तात स्वतःच्याच अवटू ग्रंथीविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडे आढळली, तेव्हा हाशिमोतोंच्या निरीक्षणाचा अर्थ उलगडला. आज या आजाराला त्यांचेच नाव आहे.

शरीर स्वतःवरच का उलटते?

आपली रोगप्रतिकारशक्ती जंतूंना परके म्हणून ओळखते आणि स्वतःच्या पेशींना सोडून देते. ही ओळख चुकली की ती स्वतःच्याच अवयवावर हल्ला करते. अशा आजारांना स्वयंप्रतिकारी किंवा ऑटोइम्यून आजार म्हणतात. हाशिमोतो आजारात हा हल्ला वर्षानुवर्षे चालतो आणि ग्रंथीच्या पेशी हळूहळू नष्ट होत जातात. ज्या समाजात आयोडीनचा पुरवठा पुरेसा आहे, तेथे अल्पक्रियतेचे हेच सर्वांत मोठे कारण आहे.

हल्ला सुरू होण्यास एकच एक कारण नसते. अनेक कारणे एकत्र येतात, तेव्हा आजार उद्भवतो. त्यांतील प्रमुख कारणे अशी :

पहिले कारण आनुवंशिकता. आई, मावशी, बहीण यांना हा आजार असल्यास आपल्याला होण्याची शक्यता वाढते. परंतु एकसारख्या जुळ्या भावंडांचा अभ्यास केला असता, एकाला आजार असताना दुसऱ्यालाही तो असल्याचे प्रमाण सुमारे निम्मेच दिसले. म्हणजे जनुके वाट तयार करतात, पण तेवढ्याने आजार होतोच असे नाही.

दुसरे कारण स्त्रीत्व आणि प्रसूती. पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये हा आजार कितीतरी पटींनी अधिक आढळतो. गरोदरपणात प्रतिकारशक्ती काहीशी सौम्य झालेली असते. प्रसूतीनंतर ती पुन्हा उसळते. म्हणून बाळंतपणानंतरच्या पहिल्या वर्षात काही स्त्रियांच्या अवटू ग्रंथीला दाह होतो. प्रथम काही आठवडे धडधड व चिडचिड, नंतर थकवा व उदासी असा त्याचा क्रम असू शकतो. पुष्कळदा ग्रंथी पूर्ववत होते, तरीही पुढील काळात आजार कायमचा जडण्याचा धोका राहतो. बाळंतिणीचे रडणे किंवा थकणे हे ‘नखरे’ नसतात, हे घरातील वडीलधाऱ्यांनी समजून घ्यावे.

तिसरे कारण आयोडीनचा अतिरेक. आयोडीनच्या अभावाने गलगंड होतो, हे सर्वश्रुत आहे. परंतु ज्यांच्यात मुळात प्रवृत्ती आहे त्यांच्यात अति आयोडीनमुळे ग्रंथीचा दाह वाढू शकतो. चीनमध्ये आयोडीनचे प्रमाण भिन्न असलेल्या तीन प्रदेशांचा अभ्यास झाला, तेव्हा अधिक आयोडीन मिळणाऱ्या भागांत स्वयंप्रतिकारी दाह अधिक आढळला. म्हणून ‘थायरॉइडसाठी चांगले’ अशी जाहिरात केलेल्या समुद्री शैवालाच्या गोळ्या किंवा आयोडीनचे थेंब वैद्यकीय सल्ल्याशिवाय घेऊ नयेत.

चौथे कारण काही औषधे व किरणोत्सर्ग. हृदयाच्या ठोक्यांसाठी दिले जाणारे अमियोडॅरोन, मनोविकारांत वापरले जाणारे लिथियम, इंटरफेरॉन आणि कर्करोगावरील काही नवी प्रतिकारवर्धक औषधे यांमुळे ग्रंथीचे कार्य बिघडू शकते. मानेवर किरणोपचार झालेल्या व्यक्तींनाही हा धोका असतो. ही औषधे स्वतःहून थांबवू नयेत. ती चालू असताना ठरावीक काळाने टीएसएच तपासावे.

स्वयंप्रतिकारी आजार अनेकदा सोबतीने येतात. बालवयातील इन्सुलिनवर अवलंबून असणारा मधुमेह, गव्हातील ग्लुटेन न सोसणारा सिलिअॅक आजार आणि अंगावरील पांढरे कोड यांचा अवटू ग्रंथीच्या दाहाशी संबंध आहे. कोड हा संसर्गजन्य रोग नाही, शापही नाही. तोही प्रतिकारशक्तीच्या याच चुकीतून उद्भवतो. तरीही त्यापायी आपल्या समाजात मुलींची लग्ने मोडतात. डाग झाकण्यात शक्ती खर्च करण्यापेक्षा अशा मुलीची टीएसएच तपासणी करणे तिच्या अधिक हिताचे ठरेल.

ग्लुटेन वर्ज्य केल्याने हाशिमोतो आजार बरा होतो, असा प्रचार सध्या जोरात आहे. सिलिअॅक आजार नसलेल्या व्यक्तीने यासाठी पोळी सोडावी, असा आधार वैद्यकशास्त्रात नाही. शिजवलेली कोबी व फ्लॉवर नेहमीच्या प्रमाणात खाण्यासही हरकत नाही.

मिठाचा प्रश्न

प्रौढ व्यक्तीला दररोज सुमारे १५० मायक्रोग्रॅम आणि गर्भवतीला सुमारे २५० मायक्रोग्रॅम आयोडीन लागते. हिमालयाच्या पायथ्याच्या पट्ट्यात मातीतील आयोडीन पावसाने व पुरांनी वाहून गेल्याने गलगंडाचे प्रमाण फार मोठे होते. १९५६ पासून डॉ. व्ही. रामलिंगस्वामी व त्यांच्या सहकाऱ्यांनी हिमाचलातील कांगडा खोऱ्यात काही भागांत आयोडीनयुक्त आणि एका भागात साधे मीठ देऊन परिणाम तपासला. आयोडीनयुक्त मीठ मिळालेल्या भागांत गलगंड स्पष्टपणे घटला. त्यातूनच १९६२ साली राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. आज खाण्याच्या मिठात ग्राहकाच्या हाती पडेपर्यंत दशलक्ष भागांत किमान १५ भाग आयोडीन असावे, असा दंडक आहे.

अतिरेक घातक म्हणून आयोडीनयुक्त मीठ सोडणे मात्र घोर चूक ठरेल. गर्भातील बाळाच्या मेंदूची वाढ त्यावर अवलंबून आहे. अलीकडे सुशिक्षित घरांत सैंधव किंवा गुलाबी मीठ आरोग्यदायी म्हणून आले आहे, तर खेड्यांत उघड्या पोत्यातील खडे मीठ स्वस्त म्हणून वापरले जाते. या दोहोंत बहुधा आयोडीन पुरेसे नसते. पाकिटावरील हसऱ्या सूर्याचे चिन्ह पाहून मीठ घ्यावे, झाकणबंद कोरड्या बरणीत ठेवावे आणि ओल व ऊन यांपासून जपावे.

तपासणी आणि उपचार

निदानासाठी प्रथम टीएसएच आणि आवश्यकतेनुसार मुक्त टी-४ तपासतात. टीएसएच किंचित वाढलेले आणि टी-४ सामान्य असेल, तर दोन-तीन महिन्यांनी तपासणी पुन्हा करून मगच निर्णय घेणे बहुतेकदा इष्ट असते. कारण असे किंचित वाढलेले टीएसएच पुष्कळदा आपोआप खाली येते. टीएसएच सातत्याने १० च्या वर राहिल्यास साधारणपणे उपचार सुरू करतात. अँटी-टीपीओ नावाच्या प्रतिपिंडांची तपासणी आजार स्वयंप्रतिकारी आहे का हे सांगते. ती पुन्हा पुन्हा करण्याची गरज नसते. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेणाऱ्यांनी ते प्रयोगशाळेत सांगावे, कारण त्यामुळे अहवाल चुकू शकतो.

लिव्होथायरॉक्सिनची गोळी सकाळी उपाशीपोटी साध्या पाण्याबरोबर घ्यावी आणि त्यानंतर अर्धा ते एक तास चहा वा नाश्ता घेऊ नये. लोह व कॅल्शियमच्या गोळ्यांमध्ये आणि हिच्यामध्ये किमान चार तासांचे अंतर असावे. रक्तक्षयासाठी लोहाच्या गोळ्या घेणाऱ्या आपल्या भगिनींनी हे विशेष ध्यानात ठेवावे. पुष्कळदा गोळी लागू न पडण्याचे कारण तेवढेच असते. गोळ्या चुलीजवळ, खिडकीत किंवा न्हाणीघरात ठेवू नयेत. मात्रा बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच तपासावे, मात्रा स्थिरावल्यावर वर्षातून एकदा. वृद्ध व हृदयरोगी व्यक्तींना औषध अल्प मात्रेने सुरू करतात. वजन घटवण्यासाठी ही गोळी वाढवून घेणे धोक्याचे आहे. त्याने हृदयाची लय बिघडते आणि हाडे ठिसूळ होतात.

बरे वाटू लागताच गोळी सोडणारे रुग्ण फार आहेत. या संप्रेरकाचा साठा शरीरातून हळूहळू ओसरतो, म्हणून पहिले काही दिवस काहीच जाणवत नाही आणि ‘गोळीची गरजच नव्हती’ असा समज दृढ होतो. पुढे लक्षणे परततात. ‘एकदा सुरू केली की सवय लागते’ ही समजूतही चुकीची आहे. चष्मा लावल्याने डोळ्यांना व्यसन लागत नाही. तसेच या गोळीचे आहे.

गर्भवती स्त्रीसाठी हा विषय सर्वांत निकडीचा आहे. पहिल्या तिमाहीत गर्भ जवळजवळ संपूर्णपणे आईच्या संप्रेरकांवर विसंबून असतो. आधीपासून गोळी घेणाऱ्या स्त्रीने दिवस राहिल्याचे कळताच डॉक्टरांना भेटून मात्रा वाढवावी लागते काय, हे विचारावे. गरोदरपणात गोळी बंद करणे बाळासाठी अहितकारक आहे.

नवजात अर्भकातही ही ग्रंथी जन्मतः नसू शकते किंवा काम करीत नाही. भारतात साधारण हजार-बाराशे जन्मांमागे एका बाळात हा दोष आढळतो. असे मूल जन्मतः निरोगी दिसते. नंतर कावीळ लांबते, रडण्याचा आवाज घोगरा येतो, दूध पिण्यात मंदपणा येतो. उपचार पहिल्या दोन आठवड्यांत सुरू झाले, तर मूल सर्वसामान्य बुद्धीचे होते. उशीर झाला, तर मेंदूची हानी भरून येत नाही. म्हणून प्रत्येक पालकाने बाळाच्या जन्मानंतर दोन-तीन दिवसांनी टाचेतून रक्ताचा थेंब घेऊन होणारी तपासणी आग्रहाने मागावी.

निवासी शाळा आणि आपण

वसतिगृहातील मुलामुलींवर आईची नजर नसते. ती जागा शिक्षक व अधीक्षक यांना घ्यावी लागते. वर्षातून दोनदा प्रत्येकाची उंची मोजून नोंद ठेवली, तर वाढ खुंटलेले मूल लवकर लक्षात येते. बारा ते सोळा या वयात अवटूचा स्वयंप्रतिकारी दाह मुलींमध्ये विशेष दिसतो. त्यामुळे आरोग्य तपासणीत मानेची तपासणी आवर्जून व्हावी. उंची न वाढणे, पाळी लांबणे, गळा फुगलेला दिसणे, हुशार मुलाचे गुण एकाएकी घसरणे, वर्गात सतत पेंगणे, हे दिसल्यास शिक्षेऐवजी तपासणीची चिठ्ठी द्यावी. भोजनालयात पाकिटबंद आयोडीनयुक्त मीठच यावे, हे पाहणे व्यवस्थापनाचे काम आहे. औषध चालू असलेल्या विद्यार्थ्याला रोज सकाळी प्रार्थनेपूर्वी गोळी मिळते की नाही, याची जबाबदारी एका ठरावीक व्यक्तीकडे असावी. सुटीत घरी जाताना गोळ्यांची बाटली सोबत द्यावी.

माजी विद्यार्थ्यांपैकी जे वैद्यकीय, परिचर्या वा प्रयोगशाळेच्या क्षेत्रात आहेत, त्यांनी वर्षातून एक दिवस आपल्या शाळेत तपासणी शिबिरासाठी दिला, तर या संस्थेने दिलेल्या शिक्षणाची ती उत्तम परतफेड होईल. पालकांनी आपल्या घरातील सतत थकलेल्या स्त्रीकडे एकदा या लेखाच्या दृष्टीने पाहावे. तिला तपासणीसाठी सोबत घेऊन जावे आणि अहवाल आल्यावर पहिली गोळी स्वतःच्या हाताने द्यावी. या स्मरणिकेच्या वाचकांपैकी एका घरी जरी असे घडले, तरी या लेखनाचे सार्थक झाले असे मी मानेन.